गाड्या का नाहीत? भंडारदऱ्याच्या शांत रस्त्यांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' आणि चहाचे घोट होते तेवढे काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय आहे रस्ते. ज्यांच्यावर गाड्या नाहीत असे रस्ते.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. सायकल घेतलीय, हायवेवर भीती वाटते, ट्रक अंगावर येतात, तर डोंगरात शांतपणे दोन दिवस सायकल चालवता येईल असा भाग कुठे आहे? मी दरवेळी एकच उत्तर देतो. अहिल्यानगर, म्हणजे आधीचं अहमदनगर, या जिल्ह्याचा पश्चिम कोपरा. अकोले तालुका. भंडारदरा धरण, त्याच्या पाण्याभोवती फिरणारा रस्ता, आणि तिथून राजूर, कुमशेत, पाचनई, कोतूळकडे जाणारे फाटे.

नगर जिल्हा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ऊस, शिर्डी, दुष्काळ आणि सपाट रान येतं. ते बरोबरच आहे. पण क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा असलेला हा जिल्हा पश्चिमेला जाऊन सह्याद्रीला टेकतो. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, याच तालुक्यात आहे. रतनगड इथे, हरिश्चंद्रगड इथे. आणि घाटघरला इतका पाऊस पडतो की त्याला लोक नगरचं चेरापुंजी म्हणतात. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला टँकरची वाट बघतात.

पण आज मला फक्त 'इकडून जा, तिकडे वळा' असं सांगायचं नाहीये. माझा प्रश्न वेगळा आहे. हे रस्ते रिकामे का आहेत? मुंबईपासून एवढ्या जवळ, नाशिकपासून तर दोन तासांवर, आणि तरी आठवड्याच्या मधल्या दिवशी तुम्ही तासभर पेडल मारता आणि समोरून येते एखादी जीप, एखादी एसटी आणि बाकी गुरं. हे असंच झालेलं नाही. रस्ता शांत असतो त्यामागे कुणीतरी घेतलेले निर्णय असतात. ते आज एकेक करून बघू.

आधी इथे वर्दळ होती

पहिली गोष्ट म्हणजे, हा भाग कायम असा कोपऱ्यात पडलेला नव्हता.

नकाशा उघडा आणि भंडारदऱ्याच्या पश्चिमेला बघा. सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो आणि खाली कोकण, म्हणजे आजचा ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका. या कड्यावरून खाली उतरणाऱ्या वाटांना आपण घाटवाटा म्हणतो. घाटघरजवळून चोंढ्याला उतरणारी वाट, साम्रदहून डेहण्याकडे जाणारा करोली घाट, कुमशेतच्या बाजूचा पाथरा घाट. ट्रेकर मंडळींना ही नावं पाठ असतात. आज त्या वाटांनी फक्त ट्रेकर आणि खालच्या-वरच्या गावांतले सोयरेधायरे जातात. पण एके काळी कोकणातलं मीठ वर यायचं आणि देशावरचं धान्य खाली जायचं ते अशाच वाटांनी, बैलांच्या पाठीवर. चाक नव्हतं, बैल होता. लमाणांचे तांडे होते.

याचा पुरावा बघायचा असेल तर रतनवाडीला जा. रतनगडाच्या पायथ्याशी, प्रवरा नदी जिथे उगम पावते तिथे, अमृतेश्वराचं मंदिर आहे. शिलाहारांच्या काळातलं मानलं जाणारं, नखशिखांत कोरलेलं, शेजारी तशीच देखणी पुष्करणी. आता विचार करा. जिथे आज मोबाईलला रेंज मिळत नाही, तिथे एवढं खर्चिक मंदिर कुणी आणि का बांधेल? ज्या वाटेवरून माल जातो, लोक जातात, कर गोळा होतो, त्या वाटेवर पैसा असतो. घाटाच्या तोंडाशी गड आणि गडाच्या पायथ्याशी मंदिर ही जोडी सह्याद्रीत जागोजागी दिसते. हरिश्चंद्रगडही तसाच. तोलार खिंडीची वाट खाली आणि गडावर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर.

म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी हा कोपरा नव्हता. हा दरवाजा होता.

मग दरवाजा बंद कसा झाला?

दरवाजा बंद केला तो चाकाने.

बैलाच्या पाठीवर माल असेल तर कितीही अरुंद वाट चालते. पण बैलगाडी आली की रुंद, कमी चढाचा रस्ता लागतो आणि असा रस्ता प्रत्येक घाटात बांधणं कुणालाच परवडत नाही. इंग्रजांनी दोन-तीन घाट निवडले. पुण्याकडे जाणारा बोर घाट, तिथला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. आणि नाशिककडे जाणारा थळ घाट, म्हणजे आपला आजचा कसारा घाट, ज्यातून मुंबई-आग्रा रस्ता गेला. पुढे रेल्वेनेही हेच दोन घाट धरले. १ जानेवारी १८६५ ला रेल्वे इगतपुरीपर्यंत पोचली.

इगतपुरी ते घाटघर हे सरळ रेषेत अंतर फार नाही. पण एका बाजूला आगगाडी आली आणि दुसऱ्या बाजूच्या सगळ्या घाटवाटांचं पोट गेलं. मीठ गाडीत बसलं, धान्य गाडीत बसलं. बैल राहिले शेतावर.

याच काळातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा मुलूख महादेव कोळ्यांचा. डोंगरी किल्ल्यांची आणि घाटांची राखण ही या लोकांची पिढीजात कामं. मराठेशाही गेली, किल्ल्यांवरची कामं गेली, वतनं आणि हक्क कापले गेले. १८२८ ते १८३० च्या दरम्यान रामजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली इथे उठाव झाला. त्याविरुद्ध पाठवलेल्या अधिकाऱ्यांपैकी एक होता कॅप्टन ॲलेक्झांडर मॅकिंटॉश, ज्याने पुढे महादेव कोळ्यांवर सविस्तर लिखाण केलं. पुढच्या दशकात अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे उभे राहिले. सावकार आणि सरकार या दोघांशीही त्यांचं भांडण होतं. १८४८ च्या सुरुवातीला ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली.

शेंडीहून राजूरकडे जाताना तुम्ही त्याच डोंगरांमधून जाता. तुम्हाला सायकलवर जी वळणं सुंदर वाटतात, तीच वळणं एका फौजेला डोकेदुखी होती. वाट कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही, यावर तेव्हा जगणं-मरणं ठरत होतं.

धरण: पाणी खाली गेलं, गाड्याही खाली गेल्या

आता येऊ भंडारदऱ्याकडे.

खाली प्रवरेच्या काठी, म्हणजे संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या बाजूला, जमीन चांगली पण पाऊस बेभरवशाचा. दर काही वर्षांनी दुष्काळ. वर, सह्याद्रीत, पाऊसच पाऊस. तर वर पाणी अडवायचं आणि खाली कालव्यांनी सोडायचं, असा हिशेब. १९१० साली भंडारदऱ्याच्या धरणाचं काम सुरू झालं. मध्ये पहिलं महायुद्ध झालं. १९२६ च्या डिसेंबरमध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हणून धरणाला विल्सन डॅम म्हणतात आणि तलावाला आर्थर हिल या इंजिनिअरच्या नावावरून आर्थर लेक. दगडी बांधकाम, उंची ८२ मीटरच्या वर. त्या काळात देशातलं सर्वात उंच धरण. साठा साधारण ११ टीएमसी.

धरण म्हातारंही झालं, बरं का. १९६९ साली भिंतीला भेगा पडून मोठी गळती सुरू झाली. मग मागच्या बाजूने आधाराचे खांब बांधून आणि पोलादी केबलने भिंत खडकाला जखडून ती पुन्हा मजबूत केली. आज धरणाखालच्या बागेत उभं राहून अम्ब्रेला फॉलचे फोटो काढताना वर नजर टाका, हे आधार दिसतात.

आता सायकलवाल्यांच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या.

एक. धरण झालं आणि दरीच्या तळातून रतनवाडीकडे जाणारी सरळ वाट पाण्याखाली गेली. नदीकाठची खाचरंही गेली. पाण्याची जीभ प्रत्येक ओढ्यात आत शिरली. त्यामुळे काठावरचा रस्ता हाताच्या बोटांभोवती दोरा फिरवावा तसा फिरतो. समोरचं गाव दिसत असतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, आणि रस्ता तुम्हाला आणखी तीन किलोमीटर फिरवून आणतो. कित्येक वर्षं तर रतनवाडीला जायचा सोयीचा मार्ग म्हणजे शेंडीहून लाँच. जुने ट्रेकर अजून त्या लाँचच्या गोष्टी सांगतात. सरळ रस्ता गेला आणि वळणाचा राहिला. घाईच्या माणसाला वळणाचा रस्ता नको असतो.

दोन. पाणी जिथे गेलं तिथे पैसा गेला. ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचा डावा आणि उजवा कालवा निघतो. त्यांच्यावर ऊस उभा राहिला. उसावर कारखाने उभे राहिले. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या हंगामात सुरू झाला आणि त्याच्यामागे सगळं राज्य सहकारात शिरलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ ही नावं शाळेत वाचली असतीलच. कारखाना आला, बाजारपेठ आली, कॉलेज आलं, रस्ते रुंद झाले, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या. आज गळीत हंगामात त्या पट्ट्यात सायकल चालवून बघा, उसाच्या ट्रॉलीमागे धूर खात जावं लागतं.

आणि ज्यांच्या डोंगरात हे पाणी पडलं, त्यांच्याकडे? भात, नागली, वरई, हिरडा. पावसाळ्यात धो-धो आणि मार्चपासून विहिरी तळाला. भाताची कापणी झाली की घरच्या घरं मजुरीला बाहेर पडतात, नारायणगावच्या बाजूला. म्हणजे तुम्ही फेब्रुवारीत या रस्त्याने जाता आणि वाड्या इतक्या शांत वाटतात, तेव्हा त्या शांततेतला थोडा भाग हा आहे की माणसंच गावात नाहीत.

हे ऐकायला कडू आहे, पण मला ते सांगायलाच हवं. 'ट्रॅफिक नाही' हा शब्द शहरातून आलेल्या सायकलस्वाराच्या तोंडात सुख असतो. गावातल्या बाळंतिणीच्या बाबतीत त्याचा अर्थ होतो की गाडी वेळेवर मिळाली नाही.

अभयारण्य आणि वीज

पुढचे दोन निर्णय जवळच्या काळातले.

१९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. जवळपास ३६१ चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हटल्यावर मोठी बांधकामं, कारखाने, रुंदीकरण यांवर बंधनं आली. लोणावळ्याचं जे झालं ते इथे झालं नाही, त्यामागचं हे एक मोठं कारण.

दुसरा निर्णय घाटघर प्रकल्पाचा. तिथली गंमत अशी आहे की कड्यावर एक धरण आणि कड्याखाली, कोकणाच्या बाजूला, दुसरं धरण. रात्री वीज शिल्लक असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं. संध्याकाळी आपण सगळे टीव्ही, एसी, मिक्सर लावतो तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज करायची. एक प्रकारची पाण्याची बॅटरी म्हणा ना. २५० मेगावॅट. जपानच्या कर्जातून झालेला हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. एवढी अवजड यंत्रं घाटघरपर्यंत न्यायची म्हणजे रस्ता हवाच. तुमच्या सायकलच्या टायरखाली जो डांबरी रस्ता आहे त्यात या यंत्रांचा वाटा आहे.

तर बघा कसा योग जुळला. रेल्वेने व्यापार दुसरीकडे नेला. धरणाने सरळ वाट बुडवली. कालव्यांनी पैसा खाली नेला. अभयारण्याने गर्दी रोखली. वीज प्रकल्पाने डांबर आणलं. या सगळ्यांची बेरीज म्हणजे भंडारदऱ्याचा रिंग रूट. यातल्या एकाही माणसाच्या मनात सायकल नव्हती.

सायकल डोंगरात उशिरा पोचली

आता सायकलकडे येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम वर्कमन हे अमेरिकन जोडपं भारतात सायकलवर फिरलं. १९०४ साली त्यांचं पुस्तक आलं, त्याच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. आणि नावात आणखी एक शब्द आहे, 'मैदान'. भारतीय मैदानातली माणसं आणि मंदिरं. तेव्हाची सायकल मैदानाचीच होती.

आपल्या मुंबईचे वीर तर त्याहून भारी. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून काही पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे, आदी हाकिम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा, १८ मार्च १९२८ ला ४४ हजार मैल करून परतले. ना गुगल मॅप, ना पंक्चरचं दुकान. लक्षात घ्या, हे तिघे जग फिरत होते त्याच वर्षांत भंडारदऱ्याची भिंत पूर्ण होत होती.

पण सामान्य माणसाची सायकल वेगळी. काळी, चोवीस इंची, रॉड ब्रेक, मागे कॅरिअर, वजन वीस किलोच्या घरात. पोस्टमन, दूधवाला, मास्तर, गिरणी कामगार. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लावावा लागायचा. रात्री दिवा नसेल तर पोलीस हवा सोडायचा, डबलसीट दिसलं तर दंड. तासावर भाड्याने मिळायची ती सायकल तुमच्या आजोबांना विचारा, डोळे चमकतील.

या सायकलला एकच गिअर. सपाट रानात श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेरला ती राणी होती. डोंगरात ती ओझं होती. अकोल्याच्या पश्चिमेला चढ आला की माणूस खाली उतरून सायकल ढकलायचा, नाहीतर सरळ पायी जायचा. गिअर बदलण्याची यंत्रणा युरोपातही उशिराच रुळली. टूर द फ्रान्समध्ये तिला परवानगी मिळाली ती १९३७ साली. आपल्याकडे गिअरची सायकल साध्या दुकानात सहज मिळू लागली ती तर या शतकात. मग पुण्या-मुंबई-नाशकात ग्रुप झाले, २०० किलोमीटरच्या ब्रेवे सुरू झाल्या. २०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी अमेरिका आडवी पार करणारी रॅम स्पर्धा जोडीने पूर्ण केली. तेव्हापासून नाशिकमध्ये सायकल म्हणजे गरिबी असं कुणी म्हणत नाही.

पण गावात अजून म्हणतात हो! साम्रदच्या अलीकडे एका आजींनी मला थांबवलं होतं. "काय रं बाबा, गाडी बंद पडली का?" म्हटलं, "नाही आजी, सायकलवरच आलोय, शेंडीहून." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांच्या हिशेबात माणूस सायकलवर येतो तो दुसरं काही परवडत नाही म्हणून. त्यात चूक काहीच नाही. त्यांनी तसंच बघितलंय.

जगात हे रस्ते कसे झाले?

थोडं बाहेर डोकावू. ब्रिटनमध्ये १९५५ साली रफ स्टफ फेलोशिप नावाची मंडळी एकत्र आली. युद्धानंतर मोटारी वाढल्या, मुख्य रस्त्यावर मजा राहिली नाही, म्हणून हे लोक डोंगरातल्या जुन्या गुराख्यांच्या वाटा शोधत सायकल घेऊन फिरायचे. पुढे १९६० च्या दशकात तिथल्या तोट्यातल्या रेल्वेलाइन बंद झाल्या. त्यांतल्या ब्रिस्टल ते बाथ या बंद लाइनवर १९७९ ते १९८६ च्या दरम्यान स्वयंसेवकांनी खपून सायकलमार्ग केला. त्यातून देशभर सायकलमार्गांचं जाळं उभं राहिलं.

म्हणजे तिकडेही तेच. एखादी वाट व्यापाराने सोडून दिली की ती सायकलला मिळते. फरक एकच आहे. तिकडे लोकांनी ठरवून ती वाट राखली, पाट्या लावल्या, गाड्यांना बंदी केली. आपल्याकडे वाट नशिबाने शिल्लक राहिलीय. आणि नशिबाने राहिलेली गोष्ट नशिबाने जाते.

आता जायचं कसं?

चला, थोडं कामाचं.

पहिला मार्ग, भंडारदरा रिंग. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. एकाही ठिकाणी महाभयंकर चढ नाही, पण सपाटही काही नाही. सतत वर-खाली. सकाळी सहाला निघा, घाटघरच्या कड्यावर कोवळ्या उन्हात पोचा. साम्रदला सांदण दरी बघा, रतनवाडीला मंदिर. जेवण आधी सांगून ठेवलं तर गावात पिठलं-भाकरी किंवा आमटी-भात मिळतो. घाटघर ते रतनवाडी या पट्ट्यात दुकानांवर भरवसा ठेवू नका. दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, दोन लिटर पाणी बरोबर हवंच.

इथे पोचायचं तर घोटीहून बारीमार्गे या. कोल्हार-घोटी रस्ता मात्र शांत नाही, त्यावर वाहनं असतात. तेवढा पहाटे उरका किंवा सायकल एसटीच्या टपावर, नाहीतर गाडीत टाकून शेंडीपर्यंत आणा.

दुसरा मार्ग, राजूरहून मुळेच्या खोऱ्यात. आंबित, कुमशेत, नाहीतर पाचनई. इथे पाय बोलतात. चढ खरे आहेत, पण समोर हरिश्चंद्रगड आणि आजोबाचा डोंगर उभा असतो.

तिसरा, कोतूळहून फोफसंडी. दरीत इतकं खोल गाव की सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. नावाची दंतकथा मजेदार आहे. पोप नावाचा कुणी साहेब दर संडेला इथे यायचा म्हणून फोफसंडी, असं सांगतात. खरंखोटं त्या साहेबाला माहीत.

चौथा, ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी. खाली प्रवरेच्या कालव्यांच्या कडेने, भरावावरून जाणारे पाटकडेचे रस्ते. कच्चे आहेत, पण सपाट, सावलीचे. धरणाचं पाणी जिथे जातं त्याच्याबरोबर तुम्हीही जा. वर धरण बघून मग खाली कालवा बघितला की या जिल्ह्याचं राजकारण पुस्तक न वाचता समजतं.

वेळ कोणती? ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये घाटघरचं धुकं भारी असतं, पण पुढचा माणूस दिसत नाही आणि डांबरावर शेवाळ धरतं. जपून.

धोका कुठून येतोय?

शेवटचा मुद्दा. याच्यासाठीच खरं तर हा भाग केला.

मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी, या रस्त्याकडेच्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लागतात. अख्खं झाड एका तालात चमकतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे बघायला मोजके लोक यायचे. मग फोटो व्हायरल झाले. आता त्या दोन-तीन आठवड्यांत शनिवारी रात्री याच रिंग रूटवर गाड्यांची रांग लागते. हेडलाइट, हॉर्न, स्पीकर. काजवा मादीला बोलावतो तो उजेडाच्या भाषेत. हजार हेडलाइटमध्ये त्याची भाषा कुणाला कळणार? वनविभागाला रात्रीच्या प्रवेशावर वेळेचं बंधन घालावं लागलं, यातच सगळं आलं.

तरी मी गावकऱ्यांना दोष देणार नाही. तंबूचे, जेवणाचे, गाईडचे पैसे त्यांना मिळतात. मजुरीला नारायणगावला जाण्यापेक्षा घरी राहून मिळालेला पैसा कधीही चांगला. आणि रस्ता रुंद करा ही मागणी त्यांनी केली तर 'नको, माझ्या सायकलला त्रास होईल' असं म्हणायचा अधिकार मला नाही. रस्ता त्यांचा आहे. पाणीही त्यांच्या डोंगरातलं होतं, ते एकदा खाली नेलंच आहे. निळवंड्याचंच बघा ना. प्रवरेवरचं हे दुसरं धरण १९७० पासून चर्चेत, आणि डाव्या कालव्याचं उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२३ मध्ये. पन्नास वर्षं वाट बघणं म्हणजे काय ते या जिल्ह्याला चांगलं माहीत आहे.

मग मधला मार्ग काय? माझ्या डोक्यात तीन साध्या गोष्टी आहेत. एसटी आणि रुग्णवाहिका वाढायलाच हव्यात, त्याने कुणाही सायकलस्वाराचं काही बिघडत नाही. पर्यटकांच्या गाड्या शेंडीत थांबवून पुढे गावकऱ्यांच्याच जीपने आणि भाड्याच्या सायकलने लोकांना नेता येईल, म्हणजे भाडंही गावात राहील. आणि आपण सायकलवाल्यांनी डबा घरून न आणता गावात जेवायचं, एक रात्र गावात राहायचं. सायकलस्वार हळू जातो, त्याला भूक लागते, तो थांबतो. गाडीवाला एका दिवसात रिंग मारून परत जातो, त्याच रिंगला सायकलवाल्याचे दोन दिवस आणि चार जेवणं होतात. गावाला हा हिशेब कळतो, आपण तो करून दाखवला पाहिजे.

वाटेत जमलं तर अकोल्याजवळच्या कोंभाळण्यालाही जाऊन या. बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं गाव. गावरान बियाणं कुणी विचारत नव्हतं तेव्हा त्यांनी ते गाडग्या-मडक्यांत जपलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जुनं म्हणून टाकून दिलेलं उद्या लागू शकतं, हे त्या डोंगरातल्या बाईंनी आधी ओळखलं. वाटांचंही तसंच आहे.

तर मंडळी, रिंग केलीत तर फोटो नक्की पाठवा. फक्त लोकेशन टॅग करताना काजव्यांची आठवण ठेवा. पुढच्या भागात आपण खाली उतरू, प्रवरेच्या कालव्यांकडे, आणि ऊस आणि पाणी यांचं भांडण समजून घेऊ. तोपर्यंत टायरमध्ये हवा बघून ठेवा. भेटू!